विक्रांत खरी, पण कोणत्या तारखेची?

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात. शेती कोरडवाहू, कापूस-तूर. उन्हाळ्यात सुतारकाम करतो, हत्यारं वडिलांपासूनची आहेत. माझे काकाजी नौदलात होते. १९७१ च्या लढाईत ते 'विक्रांत' या विमानवाहू नौकेच्या इंजिन-रूममध्ये होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यासाठी आणि गावच्या शाळेसाठी मी 'विक्रांत'चं लाकडी मॉडेल करायला घेतलं आहे, १:२०० मापाचं. आल्लापल्लीचं सागवान आणून ठेवलं आहे, डेकवरही त्याच्याच पट्ट्या बसवायचा विचार आहे. अडचण अशी की मोबाइलवर जितके फोटो पाहावे तितक्या विक्रांत वेगळ्या. एकीत पुढच्या टोकाला चढाव, दुसरीत सपाट. रंग कुठे निळसर, कुठे पांढुरका. काकाजी म्हणतात, "विक्रांतले असा चढाव नव्हताच. मी होतो न बावा तिथं!" शाळेतले सर म्हणतात, बहुतेक फोटोत चढाव आहे, काकाजींना आता आठवत नसेल. मुख्याध्यापकांना झेंडा शिवाजी महाराजांच्या मुद्रेचा हवा. खरं काय, ते ठरवायचं कसं?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर :

भाऊ, काकाजींचं बरोबर आहे. सरांनी पाहिलेले फोटोही खरेच आहेत. घोळ फक्त एवढाच की दोघं वेगवेगळ्या सालांबद्दल बोलत आहेत, आणि तुम्ही मॉडेलची तारीख अजून ठरवलेलीच नाही.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून सातबाऱ्याचं उदाहरण देतो. गट नंबर तोच असतो, पण १९७१ चा उतारा आणि आजचा उतारा सारखा नसतो. मधल्या काळात फेरफार होतात. युद्धनौकेचंही तसंच आहे. नाव तेच राहतं, प्रत्येक मोठ्या दुरुस्तीत काहीतरी काढलं जातं, काहीतरी बसवलं जातं. तेव्हा आधी विक्रांतचे फेरफार पाहू.

ही नौका मूळची इंग्रजांची, नाव 'हर्क्युलिस'. १९४३ मध्ये टाइन नदीवरच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत बांधायला घेतली, सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात उतरवली. तोवर महायुद्ध संपलं होतं, काम अर्धवट थांबलं आणि सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फने ती पुरी केली, तेव्हाच तिला तिरका डेक, म्हणजे विमानं उतरायची तिरकी पट्टी, आणि वाफेवर चालणारं कॅटापल्ट, म्हणजे विमानाला झटका देऊन उडवणारं यंत्र, बसलं. ४ मार्च १९६१ ला विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत तिथेच ती नौदलात दाखल झाली. त्या वेळी तिच्यावरची विमानं होती सी हॉक आणि अलिझे. १९७१ मध्ये हीच विमानं होती आणि पुढचं टोकही सपाट होतं. १९७९ ते १९८२ या काळात मोठी दुरुस्ती झाली, नवी रडार बसली. १९८३ पासून सी हॅरियर आली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॅटापल्ट काढून टाकलं आणि पुढे तो चढाव, म्हणजे स्की-जंप, बसवला. ३१ जानेवारी १९९७ ला नौका निवृत्त झाली. मग २०१२ पर्यंत मुंबईत तिचं संग्रहालय होतं आणि २०१४ च्या शेवटी ती मुंबईतल्याच दारूखाना या भागात मोडायला घेतली.

आता सरांचे फोटो कुठून आले ते तुमच्या लक्षात आलं असेल. रंगीत, स्वच्छ, जवळून काढलेले फोटो मुख्यतः शेवटच्या दहा वर्षांतले किंवा संग्रहालयाच्या काळातले. लोक तिकीट काढून डेकवर फिरले, फोटो काढले, ते सगळे चढावाचे. त्यात भर म्हणून २ सप्टेंबर २०२२ ला नवी विक्रांत दाखल झाली. नाव तेच, आर ११ हा क्रमांकही तोच, आणि चढाव तिलाही आहे. ती २६२ मीटर लांब आहे, काकाजींची २१३ मीटर. मोबाइलवर नुसतं 'विक्रांत' शोधलं तर दोघींचे फोटो एकमेकींत मिसळून येतात, आणि छायाचित्राखाली '१९७१' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. त्या ओळीवर विसंबू नका. फोटोत सी हॅरियर दिसलं की तो १९८३ नंतरचा. चढाव दिसला की ऐंशीच्या दशकाच्या अखेरीनंतरचा. डेक अगदी सरळ, तिरकी पट्टी नाहीच, असा दिसला तर तो 'हर्क्युलिस'चा असेल किंवा तिच्या एखाद्या बहिणीचा.

माझ्या मते तुमची तारीख ठरलेलीच आहे: डिसेंबर १९७१. काकाजी तेव्हा नौकेवर होते. ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले केले. वहीच्या पहिल्या पानावर ही तारीख मोठ्या अक्षरात लिहा. मग कुठलाही फोटो, नकाशा, आठवण समोर आली की पहिला प्रश्न एकच: हे त्या तारखेचं आहे का? नसेल, तर त्या तारखेपर्यंत ही गोष्ट बदलली असेल का? एवढ्याने निम्मे फोटो आपोआप बाद होतात.

वहीत डेक, आयलंड (डेकच्या उजव्या कडेचा मनोरा), डोलकाठी, तोफा, विमानं, झेंडा, रंग अशी पानं पाडा. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठून आली आणि तो पुरावा कोणत्या सालचा हे लिहा. तोफांचं पान सांभाळून भरा. चाळीस मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा सुरुवातीला जास्त होत्या, पुढे कमी केल्या गेल्या. त्यामुळे कुठल्यातरी यादीतला आकडा उचलून लावू नका, तारीख पक्की असलेल्या फोटोत मोजा. डोलकाठीच्या माथ्याचंही तेच, तिथली रडार १९७९-८२ च्या दुरुस्तीत बदलली.

फोटो मिळवायचे कुठून? मोबाइल बाजूला ठेवून आधी दारव्ह्याच्या, यवतमाळच्या जुन्या वाचनालयांत विचारा. 'धर्मयुग', 'इलस्ट्रेटेड वीकली' यांचे बांधीव खंड अजून कुठे कुठे धूळ खात पडलेले असतात. डिसेंबर १९७१ आणि जानेवारी १९७२ चे अंक मागा. अंकावर छापलेली तारीख कुणाला बदलता येत नाही, ही त्यांची मोठी सोय. छपाईत ठिपके असतात, बारीक तपशील कळत नाहीत, पण कुठे काय होतं आणि काय नव्हतं ते कळतं. फिल्म्स डिव्हिजनची त्या काळची वार्तापटंही शोधा. कॅमेरा फिरत असतो, त्यामुळे एरवीच्या फोटोत न येणारी बाजू क्षणभर दिसून जाते. तिथे चित्र थांबवून पाहायचं. नौदलाचा अधिकृत इतिहास व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांनी लिहिला आहे, त्यातला १९६५ ते १९७५ चा खंड तुमच्या कामाचा. मुंबईला जाणं झालं तर मेरिटाइम हिस्टरी सोसायटीत चौकशी करा. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. तिथे खरं सी हॉक आणि खरं अलिझे उभं आहे. आकार बघायला त्याहून चांगलं काही नाही. रंगावर मात्र जाऊ नका, उघड्यावर ठेवलेली विमानं पुन्हा रंगवलेली असतात.

नकाशांबद्दल एक इशारा. हर्क्युलिसच्या वर्गात सहा नौका होत्या. त्यांतल्या दोन ऑस्ट्रेलियाकडे गेल्या ('सिडनी' आणि 'मेलबर्न'), दोन कॅनडाकडे ('मॅग्निफिसंट' आणि 'बोनाव्हेंचर'), एक आपली, आणि 'लेव्हायथन' कधी पुरी झालीच नाही. ऑस्ट्रेलियाच्या आणि कॅनडाच्या नौकांवर मॉडेलवाल्यांनी भरपूर काम केलेलं आहे, त्यामुळे त्यांचे नकाशे सहज हाती लागतात आणि मोह होतो. पाण्याखालचा आणि पाण्यालगतचा आकार त्यांच्यावरून घ्यायला हरकत नाही. डेकच्या वरचं काही घेऊ नका. प्रत्येक देशाने आयलंड, डोलकाठी, तोफा आपापल्या पद्धतीने केल्या. मॅग्निफिसंटला तर शेवटपर्यंत तिरका डेक नव्हताच. मूळ ब्रिटिश जहाजांचे नकाशे ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे असतात आणि हारलँड अँड वुल्फच्या फोटोंचा संग्रह उत्तर आयर्लंडच्या संग्रहालयांकडे आहे. ईमेल करून विचारायला पैसे पडत नाहीत. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडून चार ओळी लिहून घ्या, आणि पत्रात 'हर्क्युलिस' हे नाव आवर्जून घाला.

नकाशा नाहीच मिळाला तर फोटोवरूनच माप काढायचं. ही गोष्ट तुम्हाला सुतार म्हणून लगेच जमेल. सी हॉक १२.१ मीटर लांब. समजा एका फोटोत आयलंडच्या अगदी शेजारी, कॅमेऱ्याला बरोबर आडवं, एक सी हॉक उभं आहे आणि छापील फोटोवर ते २४ मिलिमीटर भरतं. म्हणजे त्या ठिकाणी एक मिलिमीटर म्हणजे साधारण अर्धा मीटर. डेकपासून खिडक्यांच्या ओळीपर्यंत १८ मिलिमीटर भरलं तर खरी उंची नऊ मीटर, तुमच्या मॉडेलवर साडेचार सेंटिमीटर. अट एकच: विमान आणि आयलंड कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत. विमान जवळ आणि आयलंड दूर असेल तर आयलंड ठेंगणं निघेल. दोन-तीन वेगळ्या फोटोंवरून तेच माप काढा. उत्तरं जवळपास आली तर धरा. नाही आली तर त्यातला एक फोटो तिरका आहे, तो कोणता ते शोधा. आणि लाकडाला हात लावण्याआधी आयलंड पुठ्ठ्याचं करून पाहा. सागवान चुकलं तर जीव हळहळतो, पुठ्ठ्याचं काही वाटत नाही.

आता सागवानाचंच. वाईट वाटून घेऊ नका, पण डेकवर पट्ट्या बसवू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानवाहू नौकांच्या डेकवर लाकडी फळ्या असायच्या. ब्रिटिश बांधणीच्या या नौकेचा डेक पोलादी होता. तुमचा डेक गुळगुळीत, रंगवलेला हवा. शिवाय १:२०० मापात एक मिलिमीटर म्हणजे खरा वीस सेंटिमीटर. सागवानाची नुसती रेघ मॉडेलवर फूट-फूट रुंदीच्या चरासारखी दिसेल, आणि कितीही भरलं तरी रंगाखालून ती डोकावतेच. सांगाड्याला शिवण किंवा हलदू बघा, हलदू तर बारीक पोताचं, आणि दोन्ही आपल्याकडच्या वखारीत सांगून ठेवलं तर मिळतात. आल्लापल्लीचं सागवान स्टँडला वापरा, पॉलिश करून. मॉडेल साडेतीन फूट लांब होणार आहे, त्याला भक्कम बैठक लागेलच.

कठड्यांना मोटार रिवायंडिंगवाल्याकडून तार आणा. कठड्याचा पाइप तीन सेंटिमीटरचा धरला तर मॉडेलवर तो ०.१५ मिलिमीटर येतो. अडतीस गेजची वायंडिंगची तार जवळजवळ तेवढीच असते. जाड तारेचे कठडे दिसले की जहाज खेळण्यातलं वाटायला लागतं, मग बाकीचं कितीही अचूक असो.

रंगाचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि त्याला एकच एक उत्तर मी देणार नाही. करडा होता, हे नक्की. किती करडा, हे फोटोवरून ठरवणं धोक्याचं. त्या काळचे रंगीत फोटो अल्बममध्ये राहून राहून लालसर पडतात. मोबाइलचा पडदा प्रत्येकाचा वेगळा. आणि समुद्रावरचा करडा आभाळाप्रमाणे कधी निळसर दिसतो, कधी पांढुरका. तुम्हाला दिसलेले दोन्ही रंग म्हणूनच एकाच डब्यातले असू शकतात. फोटोत खलाशांचे पांढरे गणवेश दिसत असतील तर आधी ते पाहा. तेच पिवळट किंवा गुलाबी दिसत असतील तर त्या फोटोतला करडाही तेवढाच बिघडलेला आहे. मग करड्याच्या पाच-सहा छटा फळीच्या तुकड्यांवर रंगवा आणि बाहेर उन्हात ठेवून काकाजींना विचारा. ट्यूबलाइटखाली नको. जी छटा ठरेल त्यात थोडा पांढरा मिसळा, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद वाटतो. गावात कुणाकडे बजाज व्ही असेल, तर त्या गाडीत विक्रांतचं पोलाद वितळवून घातल्याचं कंपनीने सांगितलं होतं, हे खरं. पण गाडीच्या टाकीवरून नौकेचा रंग ठरवू पाहणारा माणूस मला भेटलेला आहे. तुम्ही त्याच्या वाटेने जाऊ नका.

झेंड्याचं उत्तर पक्कं आहे. महाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन असलेलं नौदलाचं निशाण २ सप्टेंबर २०२२ ला आलं, नव्या विक्रांतबरोबर. १९५० पासून २००१ पर्यंतचं निशाण म्हणजे पांढऱ्या कापडावर लाल उभा-आडवा क्रॉस आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. क्रॉसच्या मधोमध अशोकस्तंभ नव्हता, तो २००४ मध्ये आला. इंटरनेटवरून 'जुना झेंडा' उचलणारे हटकून २००४ नंतरचा उचलतात, तेवढं जपा. मुख्याध्यापकांना सांगा की काकाजींनी ज्या निशाणाखाली नोकरी केली तेच त्यांच्या नौकेवर राहील. नवं निशाण हवंच असेल तर शाळेने शेजारच्या भिंतीवर नव्या विक्रांतचा फोटो लावावा, दोन्ही निशाणं मुलांना एकदम दिसतील. पुढच्या टोकाला छोटा तिरंगा लावायचा मोहही आवरा. तो नौका बंदरात किंवा नांगरावर असतानाच लावतात. तुमची नौका मोहिमेवर आहे.

आणि काकाजी. तुमच्याकडे असलेला हा सर्वांत मोलाचा पुरावा, पण तो वापरायची एक रीत आहे. फोटो आधी दाखवू नका. एकदा फोटो पाहिला की माणसाला फोटोच आठवायला लागतो. आधी बोलू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, फोटो नंतर. "रंग कसा होता", "तोफा किती होत्या" असं विचारू नका. ते खाली इंजिन-रूममध्ये होते, डेकवर तोफा मोजत फिरत नव्हते. पाळी संपल्यावर वर कोणत्या शिडीने यायचे, हवा खायला कुठे उभे राहायचे, तिथून समोर काय दिसायचं, डोकं कशाला आपटायचं, असं विचारा. हात आणि पाय ज्याला लागले ते माणूस विसरत नाही. सेवापुस्तिका असेल तर नौकेवर रुजू झाल्याची आणि उतरल्याची तारीख पाहा, म्हणजे दुसऱ्या नौकेवरच्या आठवणी वेगळ्या काढता येतील. यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलंत तर आजूबाजूचे आणखी माजी नौसैनिक सापडू शकतील. डेकवर काम केलेला एखादा भेटला तर सोन्याहून पिवळं.

एका बाबतीत मात्र काकाजींच्या तोडीचा साक्षीदार नाही. विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमना तडे गेले होते आणि १९७१ मध्ये ती पूर्ण वेगाने पळवता येत नव्हती. तिचा मूळचा वेग चोवीस-पंचवीस नॉटचा. लढाईत ती त्याहून बरीच हळू चालली. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मॉडेल समुद्रात दाखवणार असाल, तर पुढच्या टोकाशी उसळलेली मोठी फेसाळ लाट करू नका. कॅलेंडरवरच्या चित्रात ती छान दिसते, पण डिसेंबर १९७१ च्या विक्रांतला ती शोभायची नाही. लाट किती ठेवायची ते काकाजींकडून घ्या. वेग किती मिळत होता, वाफ कशी पुरवून वापरत होते, विमानं उडवायच्या वेळी खाली काय धावपळ व्हायची, हे सगळं त्यांच्या पाळीतलं आहे. मात्र समुद्र करायला पॅराफिन किंवा रेझिन ओतायच्या आधी बसा त्यांच्याजवळ, ओतल्यावर नाही.

शेवटी काही गोष्टी सापडणार नाहीतच. नौकेच्या डाव्या बाजूचे फोटो नेहमी कमी असतात, कारण आयलंड उजवीकडे आणि फोटोवाल्याला आयलंड हवं असतं. जिथे पुरावा नाही तिथे जागा साधी सोडा, मनाने पेट्या आणि पाइप लावत बसू नका. एक-दोन फोटो मागाहून सापडले तर साध्या जागेवर भर घालता येते, चिकटवलेलं उपटताना रंग निघतो. स्टँडवरच्या पाटीवर नौकेचं नाव, 'डिसेंबर १९७१', माप १:२००, एवढं लिहा, आणि ती वही शाळेत मॉडेलच्या कपाटातच ठेवायला द्या. सरांना पुन्हा चढावाची शंका आली, तर वहीतलं डेकचं पान उघडून दाखवता येईल.